स्वप्नवत, मऊ प्रकाशाचा फोटो: सॉफ्ट फोकसचा परिणाम एडिटिंगमध्ये कसा साधावा

सॉफ्ट फोकसचा परिणाम हवा असला की बहुतेक जण सर्वप्रथम ब्लर फिल्टर उघडतात, संपूर्ण फोटो थोडा पुसट करतात आणि मग तो स्वप्नवत न दिसता केवळ हात हलल्यासारखा का दिसतो, याचे नवल करतात. धूसर फोटो आणि मऊ फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूसर फोटोत रेखीव चित्र हरवलेले असते. मऊ फोटोत मात्र ते जागच्या जागी असते आणि त्याच्यावर त्याच चित्राचा पसरलेला प्रकाश अलगद साचलेला असतो, म्हणून पापणीचा केस न केस दिसत असूनही गालावरून ऊन ओघळत आहे असे वाटते. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या एकाच गोष्टीसाठी आहे: खालचे रेखीव चित्र शाबूत ठेवून त्यावर प्रकाश पसरवणे.

हा परिणाम मुळात भिंगाच्या एका दोषातून आला आहे. साध्या गोलीय भिंगाच्या मध्यभागातून जाणारे किरण एका बिंदूवर एकत्र येतात, तर कडेने जाणारे किरण त्याच्या थोडे अलीकडे एकत्र येतात. याला गोलीय विपथन म्हणतात. मधल्या किरणांनी रेखीव चित्र तयार होते आणि कडेच्या किरणांनी त्याच्याभोवती प्रभा तयार होते. ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे भिंगाचे छिद्र, लहान केले की कडेचे किरण अडतात आणि प्रभा नाहीशी होते. पुढे हाच दोष गुण म्हणून वापरणारी भिंगे मुद्दाम तयार झाली. रोडेनस्टॉक या जर्मन कंपनीच्या इमागॉन भिंगासोबत तर छिद्रे असलेल्या चकत्या मिळत आणि त्यांच्या आधाराने प्रभा किती हवी हे छायाचित्रकाराला ठरवता येई. ज्यांना असे भिंग परवडत नसे, ते भिंगापुढे बारीक जाळीचे कापड ताणून बसवत किंवा काचेच्या फिल्टरच्या कडांना व्हॅसलीनचा पातळ हात देत. त्याही आधी, १८१५ साली कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमरन यांनी १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये काढलेल्या व्यक्तिचित्रांवर फोकस चुकल्याची टीका झाली होती. आज तीच व्यक्तिचित्रे छायाचित्रणाच्या इतिहासातील महत्त्वाची कामे मानली जातात.

एडिटिंगमध्ये आपण जी पद्धत वापरणार आहोत, ती कॅनडातील छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांच्या नावाने ओळखली जाते. १९८० च्या दशकात ते एकाच दृश्याच्या दोन पारदर्शिका, म्हणजे स्लाइड, घेत असत. एक रेखीव आणि दुसरी मुद्दाम फोकसबाहेरची, पण दोन्ही गरजेपेक्षा जास्त उजळ. त्या एकावर एक ठेवून एकाच चौकटीत बसवल्या की रेखीव रेषा आणि पसरलेले रंग एकत्र दिसत. दोन्ही स्लाइड जास्त उजळ का हव्यात, हे ध्यानात ठेवावे, कारण आपल्या कृतीतील पहिली पायरी त्यावरच उभी आहे. प्रकाश दोन स्लाइडमधून लागोपाठ गेला की प्रत्येक स्लाइड त्यातला काही भाग अडवते आणि चित्र काळवंडते. आधीच जास्त उजळ ठेवलेल्या स्लाइड ही घट भरून काढतात.

कोणता फोटो घ्यावा

हा परिणाम प्रत्येक फोटोला शोभत नाही, आणि भर दुपारच्या कडक उन्हातल्या फोटोला तर मुळीच शोभत नाही. ज्या दृश्यात प्रकाश आधीपासूनच हवेत पसरलेला आहे, त्यात तो सर्वांत खरा वाटतो: धुक्याची सकाळ, पाऊस थांबल्यानंतरचे ओले रान, खिडकीतून तिरपे येणारे ऊन, समईचा उजेड, विषयाच्या मागून येणारा सूर्यप्रकाश. दृश्यात थोडा गडद भागही हवा, कारण प्रभा दिसायची तर तिच्यामागे अंधार लागतो. सगळीकडून पांढऱ्या असलेल्या फोटोत पसरणारा प्रकाश कशावर पसरणार? ज्या फोटोत वाचायची अक्षरे आहेत, विकायची वस्तू आहे किंवा कागदपत्रासाठी लागणारा चेहरा आहे, तिथे हा परिणाम टाळावा.

या लेखासाठी मी माझाच एक फोटो घेते. गुहागरजवळच्या आमच्या घराच्या ओटीवर आजी सकाळी केळीच्या धाग्यात अबोलीचा वळेसर गुंफत बसली आहे, मागे पोफळीची बाग आहे आणि पोफळींच्या मधून आलेले ऊन तिच्या पांढऱ्या केसांच्या कडेला लागले आहे. चेहरा सावलीत आहे, हातातली अबोली मात्र उन्हात आहे. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा आहे आणि आकडे सांगताना मी याच मापाचे सांगेन.

फोटो काढतानाच दोन गोष्टी सांभाळता आल्या तर पुढचे काम निम्मे होते. पहिली गोष्ट म्हणजे एक्स्पोजर अर्ध्या ते पाऊण स्टॉपने कमी ठेवावे (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश), कारण पुढे आपण उजळ भाग आणखी उजळवणार आहोत आणि कॅमेऱ्यातच पांढऱ्या पडलेल्या भागात परत आणण्यासारखा तपशील उरलेला नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे शक्य असल्यास रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीच्या रूपात, फोटो घ्यावा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटाच असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. धुक्यासारख्या सावकाश बदलणाऱ्या छटांवर जेव्हा आपण थरावर थर चढवतो, तेव्हा २५६ छटा अपुऱ्या पडतात आणि आकाशात पट्टे उमटतात.

मुख्य कृती, गिंपमध्ये

गिंप हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, म्हणून कृती त्यात सांगते. फोटोशॉपमध्येही लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर), ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळावा याचा नियम) आणि मास्क (थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) याच नावांनी मिळतात आणि क्रमही हाच राहतो.

फोटो उघडल्यावर सर्वप्रथम इमेज मेनूतून प्रत्येक रंगासाठी १६ बिटची अचूकता निवडावी आणि फाइल गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात सेव्ह करावी, म्हणजे लेयर टिकून राहतील. तळाच्या लेयरला 'मूळ' असे नाव द्यावे आणि त्याला शेवटपर्यंत हात लावू नये. नावे देण्याचा कंटाळा करू नये. चार लेयर झाल्यावर कोणता कशाचा हे आठवत नाही आणि चुकीच्या लेयरवर केलेला ब्लर बऱ्याचदा दहा पायऱ्या पुढे गेल्यावर लक्षात येतो.

आता 'मूळ'ची एक प्रत काढावी आणि तिला 'उजळ' म्हणावे. या 'उजळ'ची आणखी एक प्रत काढून तिचा मोड स्क्रीन करावा. फोटो एकदम फिकट आणि पांढुरका दिसेल. घाबरू नये, ही ऑर्टन यांची जास्त उजळ स्लाइड आहे. लेयर मेनूतील मर्ज डाउन वापरून ही प्रत खालच्या 'उजळ'मध्ये मिसळून टाकावी. पॅनेलमध्ये आता दोनच लेयर आहेत: तळाला 'मूळ', वर 'उजळ'.

त्यानंतर 'उजळ'ची प्रत काढून तिला 'धूसर' असे नाव द्यावे आणि फिल्टर्स मेनूतील ब्लर या गटातून गॉशियन ब्लर उघडावा. आडवे आणि उभे दोन्ही माप सारखेच ठेवावे. किती ठेवावे, हा या सगळ्या कृतीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. माझ्या अनुभवात फोटोच्या रुंदीचा साधारण दोनशेवा ते दीडशेवा भाग योग्य ठरतो, म्हणजे ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोला ३० ते ४०. हाच फोटो २००० पिक्सेलवर आणून काम करत असाल तर १० ते १३ पुरे. इंटरनेटवरच्या कृतींत फोटोचे माप न सांगता नुसता 'ब्लर २०' असा आकडा दिलेला असतो, तो उपयोगाचा नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या १६०० पिक्सेलच्या फोटोत २० चा ब्लर चेहरा विरघळवून टाकतो आणि ४५ मेगापिक्सेलच्या फोटोत तोच २० जेमतेम जाणवतो. आकड्यापेक्षा डोळ्यांनी ठरवायचे असेल तर ही खूण धरावी: 'धूसर' लेयर एकटा पाहताना माणूस कुठे बसला आहे आणि मान कोणत्या बाजूला आहे हे कळावे, पण डोळे उघडे आहेत की मिटलेले हे कळू नये.

मग 'धूसर'चा मोड मल्टिप्लाय करावा, आणि इथे चित्र पालटते. पांढुरकेपणा जातो, सावल्या खोल होतात, रंग दाटतात आणि उजळ कडांभोवती प्रभा दिसू लागते.

असे का होते, हे थोड्या आकडेमोडीने कळेल, आणि ते कळले की पुढच्या दुरुस्त्या अंदाजाने कराव्या लागत नाहीत. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १ मानू. स्क्रीन मोड दोन्ही आकड्यांचा १ पर्यंतचा उरलेला भाग घेऊन त्यांचा गुणाकार करतो आणि तो गुणाकार १ मधून वजा करतो. मधली करडी छटा ०.५ असेल तर ती स्वतःशीच स्क्रीन केल्यावर ०.७५ होते. मल्टिप्लाय साधा गुणाकार करतो: ०.७५ गुणिले ०.७५ म्हणजे सुमारे ०.५६. मधली छटा जवळपास जिथे होती तिथेच आली. पण ०.२ ची गडद छटा आधी ०.३६ आणि मग ०.१३ होते, तर ०.८ ची उजळ छटा आधी ०.९६ आणि मग ०.९२ होते. म्हणजे सावली अधिक काळी झाली आणि ऊन अधिक पांढरे. मऊपणासोबत कॉन्ट्रास्ट वाढतो, हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे, आणि म्हणूनच नुसत्या धूसर थरापेक्षा हा परिणाम जिवंत वाटतो. ही आकडेमोड एकसारख्या रंगाच्या भागाला लागू होते; जिथे उजळ आणि गडद शेजारी आहेत, तिथे ब्लरमुळे उजळाचा काही अंश गडदात उतरतो, आणि तीच प्रभा.

या टप्प्यावर अनेक जण 'धूसर' लेयरला मास्क लावून डोळे स्वच्छ करायला जातात आणि डोळ्यांच्या जागी पांढरी भोके पडल्यासारखी दिसतात. कारण 'धूसर' पुसला की खालचा 'उजळ' उघडा पडतो, आणि तो अतिउजळ आहे. त्यामुळे आधी लेयर मेनूतील न्यू फ्रॉम व्हिजिबल वापरून दिसणाऱ्या चित्राचा एक नवा लेयर तयार करावा, त्याला 'ऑर्टन' म्हणावे, तो सर्वांत वर ठेवावा आणि 'उजळ' व 'धूसर' यांच्यापुढची डोळ्याची खूण बंद करावी. आता 'ऑर्टन'खाली थेट 'मूळ' आहे. 'ऑर्टन' जिथून पुसाल, तिथून अस्सल फोटो दिसेल.

'ऑर्टन'ची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकपणा, १०० वरून थेट शून्यावर आणावी आणि मग सावकाश वाढवत न्यावी. परिणाम प्रथम जाणवेल त्या आकड्यावर थांबावे, थोडे पुढे जाऊन पाहावे आणि परत मागे यावे. निसर्गदृश्याला मी ३० ते ५० टक्के ठेवते, चेहऱ्याला २० ते ३५. वरून खाली येत गेल्यास डोळा जास्तीच्या परिणामाला सरावतो आणि ६० टक्केसुद्धा सौम्य वाटू लागते. खालून वर गेल्यास ही फसगत होत नाही.

मास्क: जिथे हात सैल सोडायचा आणि जिथे नाही

'ऑर्टन' लेयरला पांढरा मास्क लावावा, मऊ कडांचा ब्रश घ्यावा, रंग काळा ठेवावा आणि ब्रशची ओपॅसिटी २५ ते ३० टक्के ठेवून एकाच जागी दोन-तीनदा हलके फिरवावा. एका फटक्यात पूर्ण पुसलेली जागा कापून चिकटवल्यासारखी दिसते.

चेहऱ्यात डोळे, भुवया आणि ओठांची मधली रेषा, एवढे रेखीव राहिले की मेंदू बाकीचा चेहराही रेखीव मानतो. आजीच्या फोटोत मात्र मी सर्वांत जास्त वेळ डोळ्यांवर नाही, तर तिच्या बोटांवर घालवला. ती खाली पाहत आहे, पापण्या अर्ध्या मिटल्या आहेत, आणि पाहणाऱ्याची नजर तिच्याच नजरेमागून वळेसराकडे जाते. दोन्ही हातांच्या चिमटीत धरलेला केळीचा धागा, त्यावर आडवी बसलेली अबोलीची पाच-सहा फुले आणि उजव्या अंगठ्याच्या नखाची कड, हा तळहाताएवढा भाग मी ३०० टक्के मोठा करून बारीक ब्रशने मूळ फोटोइतका रेखीव ठेवला. मांडीवरच्या सैल फुलांचा ढीग मात्र तसाच मऊ राहू दिला. त्यामुळे गुंफलेली फुले हाताला लागतील अशी वाटतात आणि सैल फुले रंगाचा एक ऊबदार डाग होऊन राहतात. प्रत्येक फोटोत अशी एक जागा असते जिथे कृती चालू आहे. ती आधी शोधावी आणि मगच मास्कला हात घालावा.

पार्श्वभूमीत याच्या उलट करावे लागते. पोफळींच्या शेंड्यांमागे आकाश पांढरे होते आणि तिथे प्रत्येक झावळीभोवती जाड प्रभा उभी राहिली. उजळ आकाश आणि काळी पाने यांची जिथे थेट गाठ पडते, तिथे ब्लर नेहमीच आगाऊपणा करतो. अशा कडांवर मास्कमध्ये मोठ्या ब्रशने १० ते १५ टक्के काळा फिरवून प्रभा निम्मी करावी. पूर्ण काढू नये, नाहीतर शेंडे वेगळ्याच फोटोतून आणल्यासारखे दिसतात.

रंग आणि कातडीचा वर्ण

मल्टिप्लाय रंग दाट करतो. अबोलीचा नारिंगी मूळचाच भडक, तो या परिणामानंतर प्लास्टिकच्या फुलांसारखा झाला होता. कलर्स मेनूतील ह्यू-सॅच्युरेशनमध्ये लाल आणि पिवळ्या गटाची सॅच्युरेशन १० ते १५ ने कमी केल्यावर तो ताळ्यावर आला. हिरव्या रंगालाही बहुधा असेच थोडे खाली आणावे लागते, विशेषतः पावसाळ्यातल्या फोटोत.

वर्णाचा मुद्दा याहून गंभीर आहे आणि त्याबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. सॉफ्ट फोकसच्या तयार फिल्टरांपैकी बरेचसे धूसर प्रत स्क्रीन मोडमध्ये वर ठेवल्यासारखे काम करतात, त्यामुळे चेहरा उजळतो आणि सावळा माणूस गोरा होतो. पहिल्या प्रयत्नात मीही नुसता स्क्रीन वापरला होता. मूळ फोटोत आजीच्या गालावरचा उजळपणाचा आकडा, कलर पिकरच्या माहिती खिडकीत पाहिला तर, शंभरपैकी ४६ होता. स्क्रीननंतर तो ७० च्याही पुढे गेला, कारण भोवतालचे पांढरे केस आणि मागचे ऊन ब्लरमधून तिच्या गालावर सांडले होते. मला फोटो सुंदर वाटला आणि मी तो छापून तिला दिला. तिने तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, थोडा वेळ पाहिला आणि विचारले, "ही कोण गो?" मी तो फोटो परत घेतला आणि सगळे काम पहिल्यापासून केले.

तेव्हापासून चेहरा असलेल्या प्रत्येक फोटोत मी ही तपासणी करते. परिणाम देण्याआधी कपाळ, गाल आणि हनुवटी या तीन जागांचे आकडे टिपून ठेवावेत, आणि परिणामानंतर त्याच जागा पुन्हा मोजाव्यात. तीन-चार अंकांचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर 'ऑर्टन'च्या मास्कमध्ये संपूर्ण चेहऱ्यावर मोठ्या मऊ ब्रशने हलका काळा फिरवावा, किंवा 'ऑर्टन' लेयर निवडून, लॅसोने चेहऱ्याभोवती भरपूर फेदर (कडेचा मऊपणा) ठेवलेली निवड करून कर्व्ह्जमध्ये, म्हणजे उजेड-सावली बदलण्याच्या वक्ररेषेत, मधला बिंदू थोडा खाली ओढावा. सुरकुत्यांचेही तसेच. सॉफ्ट फोकस सुरकुत्या सौम्य करतो, त्या पुसत नाही, आणि पुसू लागला तर ब्लरचे माप किंवा ओपॅसिटी जास्त झाली आहे असे समजावे.

दिव्यांसाठी वेगळी कृती

दिवाळीच्या पणत्या, देवघरातली समई, रात्रीच्या पुलावरचे दिवे, अशा फोटोंना ऑर्टनची पद्धत फारशी मानवत नाही, कारण ती सावल्या आणखी काळ्या करते आणि रात्रीच्या फोटोत सावल्याच अधिक असतात. तिथे फक्त उजळ भागांभोवती प्रभा हवी असते. त्यासाठी मूळ लेयरची प्रत काढावी, कलर्स मेनूतील लेव्हल्स उघडून इनपुटचा डावीकडचा काळा त्रिकोण उजवीकडे सरकवत न्यावा, इतका की ज्योती आणि त्यांचे प्रतिबिंब सोडून बाकी सगळे काळे व्हावे. मग या प्रतीवर गॉशियन ब्लर द्यावा आणि मोड स्क्रीन करावा. काळ्याला स्क्रीन केल्याने खालच्या चित्रात काहीच बदल होत नाही, म्हणून अंधार तसाच राहतो आणि फक्त ज्योतींभोवती उजेड पसरतो.

खऱ्या भिंगातली प्रभा मध्यभागी दाट आणि बाहेर विरळ होत जाते. एकाच ब्लरने ती साधत नाही; दिव्याभोवती एकसारखा गोल फुगा दिसतो. म्हणून ब्लर देण्याआधीच त्या काळ्या केलेल्या लेयरच्या दोन प्रती कराव्यात, एकीला लहान ब्लर, समजा १५, आणि दुसरीला मोठा, समजा ९० द्यावा, आणि मोठ्या ब्लरच्या लेयरची ओपॅसिटी लहान ब्लरच्या लेयरच्या निम्मी ठेवावी. गिंपच्या लाइट अँड शॅडो गटात ब्लूम नावाचा तयार फिल्टरही आहे आणि तो हेच काम एका खिडकीत करतो. घाईच्या वेळी तो पुरतो, पण मूळ लेयरवर न चालवता प्रतीवर चालवावा, म्हणजे नंतर मास्क लावता येईल. आर्टिस्टिक गटातल्या सॉफ्टग्लोलाही हाच नियम.

मोबाइलवर

स्नॅपसीडमध्ये ग्लॅमर ग्लो या नावाचे साधन आहे. त्यातील ग्लोचा आकडा २० ते ३० च्या पलीकडे सहसा नेऊ नये आणि सोबतच्या वॉर्म्थला कारण असल्याशिवाय हात लावू नये. फिल्टर दिल्यावर एडिटच्या यादीत जाऊन त्याच पायरीचा ब्रश उघडता येतो आणि परिणाम हवा तिथेच रंगवता येतो. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते आणि डोळे वाचवण्यासाठी तीच कामी येते. लाइटरूममध्ये क्लॅरिटी उणे १५ ते उणे २५ आणि टेक्स्चर थोडेसे उणे केल्यास जवळपासचा मऊपणा येतो. डीहेझही उणे करता येतो, पण तो सावल्यांतला काळा उडवतो आणि फोटो धुवट होतो, म्हणून उणे १० च्या पुढे जाऊ नये.

शेवटची तपासणी आणि छपाई

काम झाले असे वाटले की फोटो तीन मापांत पाहावा. आधी १०० टक्के मोठा करून कडांवरची प्रभा आणि आकाशातले पट्टे तपासावेत. पट्टे दिसत असतील तर सर्वांत वर अगदी सौम्य नॉइज द्यावा. बारीक कणांमुळे छटांमधल्या पायऱ्या मोडतात, शिवाय गुळगुळीतपणा कमी होऊन फोटो फिल्मसारखा वाटतो. मग संपूर्ण फोटो स्क्रीनवर बसवून 'ऑर्टन'पुढची डोळ्याची खूण चालू-बंद करत पाहावे. बंद केल्यावर फोटो निर्जीव वाटला पाहिजे, पण चालू केल्यावर फिल्टर लावला आहे असे पहिल्या नजरेत वाटता कामा नये. शेवटी तो बोटाच्या पेराएवढा लहान करून पाहावा. विषय तेवढ्यातही ओळखू येत असेल तर उजेड-सावलीची मांडणी टिकली आहे. शक्य असल्यास फाइल एक रात्र तशीच ठेवून सकाळी ताज्या डोळ्यांनी उघडावी. मी बहुतेक वेळा सकाळी ओपॅसिटी पाच-दहाने कमी करते.

शार्पनिंग करायचे असेल तर ते 'ऑर्टन'वर करू नये; 'मूळ' लेयरची प्रत काढून, ती 'मूळ'च्या लगेच वर ठेवून, तिच्यावर अनशार्प मास्क हलका वापरावा. 'ऑर्टन'ची ओपॅसिटी शंभराखाली असल्यामुळे खालची रेखीवता वर येते आणि वरची प्रभा मऊच राहते. इंटरनेटसाठी जेपेग काढताना क्वालिटी ९० च्या खाली नेऊ नये, कारण जास्त दाबलेल्या जेपेगमध्ये सर्वांत आधी बिघडतात त्या अशाच सावकाश बदलणाऱ्या छटा.

छापण्यासाठी चकचकीत कागदापेक्षा मॅट कागद घ्यावा. मॅट कागदावर काळा रंग तितका गडद उतरत नाही, म्हणून छपाईची प्रत वेगळी काढून तिच्या सावल्या कर्व्ह्जमध्ये किंचित खोल कराव्यात. ६००० पिक्सेलचा फोटो १८ इंच रुंद छापला तर इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात, म्हणजे १२ बाय १८ चा प्रिंट आरामात निघतो. मात्र एवढ्या मापात मऊपणा स्क्रीनपेक्षा जास्त जाणवतो, कारण आपण त्याच्या जवळ जाऊन उभे राहतो. त्यामुळे पूर्ण प्रिंट काढण्याआधी फोटोतला चेहरा आणि हात एवढाच ४ बाय ६ इंचांचा तुकडा, मोठ्या प्रिंटमध्ये येईल त्याच मापात, छापून घ्यावा. लॅबमध्ये त्याला फार खर्च येत नाही. तो तुकडा दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी धरून पाहावा आणि फोटोतल्या माणसालाच दाखवावा.